भगिनी संस्था

धनपालच्या पुरणयंत्रांना पोलंडची ऑर्डर मिळाली. नेमगोंडाच्या लेखी मात्र असं काही घडलंच नव्हतं. शेजारी धनपालच्या दुकानात पेढे वाटले जात होते, तेव्हा तो आपल्या दुकानातले विकायचे चकलीचे सोरे पुसत बसला होता.

"पुरण ठाऊक नसलेली माणसं पुरणयंत्राचं करणार काय?" त्यानं बायकोला विचारलं.

"बटाटे कुस्करणार म्हणे. तुमच्या का पोटात दुखतंय?"

"दुखत नाही. पेढा बाधला."

"खाल्लात कुठं तुम्ही?"

संध्याकाळी त्यानं व्यापारी चेंबरच्या अध्यक्षांना गाठलं. "अण्णा, हा धनपाल निवडला कुणी?"

"पोलंडच्या चेंबरनं. आपला करार झालाय ना, छोट्या धंद्यांना हात द्यायचा. ती आता आपली भगिनी संस्था."

"मग बहीण एकाच भावाला ओवाळते होय?"

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "लेखी द्या."

त्यानं तिथंच बसून लिहिलं: "सदर बहीण धनपालकडेच झुकल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपल्या चेंबरला आणखी एक बहीण, सावत्र असली तरी चालेल, परंतु चकली खाणारी, तातडीने मंजूर व्हावी, ही नम्र विनंती."