ऑरव्हिलचं माप

गळाच्या काठीवर दोरी ओवायच्या कड्यांमध्ये पुन्हा बर्फ धरला, तसं हेझेलने काठीचं टोक तळ्यात बुडवून धरलं. हवेपेक्षा पाणी उबदार होतं. कड्या मोकळ्या होईपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

"फुंकर मार की, वहिनी," समोर बसलेला ऑरव्हिल म्हणाला.

"तुम्हीच मारा, भावजी. मागच्या वर्षी मारलीत, तर अर्धी मिशी कडीलाच चिकटून राहिली."

नावेत दोघंच होते. काठी क्लेमची, म्हणजे हेझेलच्या नवऱ्याची आणि ऑरव्हिलच्या थोरल्या भावाची. बांबू चिरून, तासून त्याने ती स्वतः घडवली होती. वसंतात तो गेला आणि काठी कुणाची ते सांगायचं राहून गेलं. हेझेल म्हणे, घरभर उडालेला बांबूचा भुसा मी झाडलाय. ऑरव्हिल म्हणे, भावाच्या हातची माझ्याकडे दुसरी वस्तू नाही. दोघांचंही खरं होतं. शेवटी ठरलं, तळं गोठायच्या आधी एक दिवस त्याच काठीने आळीपाळीने गळ टाकायचा. ज्याचा मासा मोठा, त्याची काठी.

मासा मोजायचा तो वल्ह्यावर: लांबट निजवायचा आणि शेपटी येईल तिथे चाकूने खाच पाडायची. वल्ह्यावर निजला नाही तो मासा धरलाच नाही, असं आमच्याकडे म्हणतात. आणि हा नियम ज्याच्यामुळे करावा लागला तो ऑरव्हिलच. त्याने हात पसरून मासा दाखवला की ऐकणाऱ्याने निम्मा धरायचा, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

आज मात्र त्याने धरलेला नर मासा खरोखरच वल्ह्यावर निजला होता. चाकूची ताजी खाच दिसत होती. तेव्हापासून स्वारी शीळ घालत होती.

ऊन डोंगरामागे गेलं. या दिवसांत तळातले ट्राउट मासे अंडी घालायला काठच्या खडकांवर येतात, तेही अंधारून आल्यावर. हेझेल उभी राहिली. ती गळ टाकायला लागली की बघत राहावं. दोरी मागे उलगडली, पुढे उलगडली, आणि पांढऱ्या पिसांचं आमिष खडकांपलीकडे पाण्यावर असं टेकलं की आवाज म्हणून नाही. बोटं कापलेल्या हातमोज्यांतून ती दोरी थोडी थोडी ओढत राहिली.

दोरी ताठ झाली.

"दगडाला अडकलं," ऑरव्हिल म्हणाला.

मग तो दगड चालायला लागला.

काठी पार वाकली. दोरी सरसर खोल पाण्याकडे गेली आणि मध्येच अडली. कड्यांत पुन्हा बर्फ. आणखी एक हिसका, की दोरी तुटणार. हेझेलने वाकून काठी कोपरापर्यंत पाण्यात घातली आणि तशीच धरून ठेवली. बाही भिजली, दात वाजायला लागले, पण कड्या सुटल्या.

"सैल सोड! आता घे! अगं घे ना!" ऑरव्हिल ओरडत होता. आपल्याला जिंकायचंय हे तो साफ विसरला होता.

"गप्प बसा, भावजी."

बऱ्याच वेळाने मासा नावेलगत आला. हिरवट करडी पाठ, तिच्यावर फिके ठिपके, परांना पांढरी किनार. मादी होती. शेपटीचा बुंधा हेझेलच्या मुठीत मावत नव्हता. पोट गाभोळीने तट्ट फुगलं होतं. अंड्यांचे दोन-चार दाणे निसटून खडकांमध्ये उतरले.

ऑरव्हिलने वल्हं आडवं धरलं. "ठेव इथे. क्षणभरच. माझ्या खाचेच्या कितीतरी पुढे जाईल!"

"या वाऱ्यात बाहेर काढू? कल्ले गोठतील तिचे. पोटात एवढा संसार आहे."

"अगं, हातची काठी जाईल!"

हेझेलने पाण्यातच गळ सोडवला. मादीला दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, तिच्यात जोर येईपर्यंत. एक फटकारा बसला, दोघांची तोंडं भिजली, आणि खाली नुसते खडक उरले.

तिने हात कोटाला पुसले आणि काठी पुढे केली. "घ्या. तुमची झाली." तिला रडू आलं होतं, आणि ते लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

ऑरव्हिल काठापर्यंत एक शब्द न बोलता वल्हवत आला. आमच्या गावात एवढीही बातमी पुरे होती.

काठावर आम्ही नावा ओढून वर घेत होतो. दुकानवाली बर्निस चहा घेऊन आली होती. तिची नजर आधी वल्ह्यावर गेली. "खाच कुणाची रे?"

"माझी," ऑरव्हिल म्हणाला. "काठी वहिनीची."

"हे कसं काय?"

"तिचा मोठा होता."

"वल्ह्यावर निजला?"

"नाही. पण मी पाहिला."

आम्ही पोट धरधरून हसलो. बर्निसचा निम्मा चहा सांडला. "दाखव, दाखव! म्हणजे निम्मा धरायला बरं."

"भावजी, राहू द्या," हेझेल म्हणाली.

ऑरव्हिलने काठी तिच्या हातात दिली. हातमोजे काढले आणि हात पसरले. थोडा वेळ तो आपल्याच हातांकडे बघत राहिला. मग उजवा हात त्याने बोटभर आत घेतला.

कुणी हसलं नाही. बर्निसने चहा खाली ठेवला, वल्हं उचलून त्या दोन हातांमध्ये धरलं, आणि चाकू मागितला.