तेवाची जागा

वर्षभरात गेलेल्या माणसाची जागा उत्सवाच्या नाचात मोकळी सोडायची, ही बेटाची रीत. यंदा ती जागा हिनातेआच्या भावाची, तेवाची होती. गोऱ्या कप्तानाने त्याला जहाजावर नेलं आणि त्याच्याशिवायच परत आला. "पडला समुद्रात," एवढंच म्हणाला.

तोच कप्तान आज झिंगून त्या जागेत घुसला. त्याचे खलाशी टाळ्या पिटू लागले.

"अगं, ओढ त्याला बाहेर!" आत्या हिनातेआकडे बघून किंचाळली.

"नाचू दे की, आत्या. फिटू दे हौस."

ढोल थांबले, रांग थांबली. कप्तानाचे पाय मात्र थांबेनात. तो रडकुंडीला आला.

कोरड्या वाळूत त्याची पावलं ओली उमटत होती. अनवाणी, पाचही बोटं स्पष्ट. कप्तानाच्या पायांत बूट होते.

हिनातेआने ढोल स्वतःच्या पुढ्यात ओढला.

"दमू नकोस हं, तेवा. मी वाजवते."