टोकाचा बगळा

बारा वाजले, तसे तळ्यातले सगळे यंत्रबगळे चार्ज व्हायला पंख पसरून उन्हाकडे वळले. खरे संपल्यावर पर्यटकांसाठी हे सोडले होते. वीस वर्षं खऱ्याच्या शोधात फिरणारी मृदुला कॅमेरा आवरू लागली, तोच नावाडी तांडेलकाका पुटपुटले,

"ताई, त्या टोकाच्या बगळ्याखालचा दगड बघा. शीट पडलीय!"

यंत्रं शिटत नाहीत. तिने लेन्स जुळवली. छातीचं हाड वर आलेलं, पण पापणी हलत होती.

"आईबाप गेल्यावर या यंत्रांतच वाढला असणार बिचारा," म्हणत काकांनी होडी जवळ नेली आणि जिवंत मासळी त्याच्या पायाशी टाकली.

मासळी तडफडली. बगळ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पंख पसरून तो उन्हाने पोट भरायची वाट बघत राहिला.