गावाचा फायदा
भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहणार, म्हणून पुढच्या महिन्यापासून तिथे होड्यांना बंदी होती. त्या बदल्यात गावाचा काय फायदा, हे सांगायला कंपनीचा साहेब काका-काकूंच्या दारात खुर्ची टाकून बसला.

"मासेमारीचं संग्रहालय बांधतोय आम्ही. तुमचं जुनं जाळं द्याल?"

"जुनं कुठलं?" काका म्हणाले. "सकाळीच मासे काढलेत त्यातून. अजून ओलं आहे."

"उद्घाटनापर्यंत वाळेल की."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नुसतं जाळंच कशाला नेता? यांनाही न्या. काचेच्या कपाटात उभं करा."

साहेबाचा चेहरा खुलला. त्याने खिशातून टेप काढली.

"बरं झालं, काकू, तुम्हीच विषय काढलात. काका, जरा ताठ उभे राहा. पुतळ्यासाठी माप घ्यायचंय."