पूर्वरंग पार पडला

नवा स्कॅन पडद्यावर आला आणि कीर्तनकार बुवांच्या शेजारी बसलेल्या काकूंनी पदर मुठीत आवळला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती, म्हणून आजवर ऑपरेशन शक्य नव्हतं. केमो सोसता सोसता बुवांची कीर्तनं थांबली होती.

"गाठ आक्रसली! रक्तवाहिनी सुटली, बुवा!" डॉक्टरीणबाई जवळजवळ ओरडल्याच. "आता मी ऑपरेशन करू शकते."

"अहो, ऐकलंत का? कापणार तुम्हाला!" काकू आनंदाने म्हणाल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

"ऑपरेशन मोठं आहे हं," डॉक्टरीणबाई सावरून म्हणाल्या. "खरी कसोटी पुढेच."

"असू दे की. पूर्वरंग तर पार पडला!" बुवा उठून उभे राहिले.

पूर्वरंग संपला की आख्यानाआधी कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. इथे हार कुठला? पण काकूंच्या पिशवीत बुक्क्याची डबी होती. सवयीने त्यांनी बोट बुवांच्या कपाळाकडे नेलं.

"मला नव्हे," बुवा म्हणाले. "आता आख्यान या लावणार."

डॉक्टरीणबाईंनी आधी चपला काढल्या, मग कपाळ पुढे केलं.