काढून फेकलेले पॉइंट्स

सासरे दर रविवारी जुन्या गाडीचे, उघडमीट करत इंजिनाला ठिणगी देणारे पॉइंट्स पॉलिशपेपरने घासत बसायचे. मला त्यांची कीव यायची. शेवटी मीच गाडीला पॉइंट्स लागतच नाहीत असं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि ते झिजलेले पॉइंट्स कचऱ्याच्या डब्यात फेकले.

"जावईबापू, असे टाकू नका ते," म्हातारा पुटपुटला.

"मग काय गळ्यात घालून मिरवू?"

इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. ऐटीत ते बंद करून मी किल्ली सासऱ्यांच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात डब्यातून टिकटिक ऐकू आली. वाकून पाहिलं, तर पॉइंट्स आपोआप उघडत-मिटत होते, गाडी जागेवर चालू असावी तसे संथ.

"आता गाडी बंद कशी करणार?" सासऱ्यांनी विचारलं.

मी तुच्छतेने हसलो. टिकटिक एकदम वाढली.

मी गाडीत पाहिलं. सीट रिकामी होती आणि ॲक्सिलरेटर हळूहळू खाली दबत होता.