पाण्याची चव

घराचा विमा उतरवताना पेणच्या एजंटाने कमळाकरला दहादा बजावलं होतं, "पावसाचं पाणी घरात शिरलं तर भरपाई मिळेल. खाडीचं शिरलं तर विसरा." त्यामुळे त्र्याण्णवच्या जुलैत भरलेला ओढा घरात घुसला आणि साठवलेला माल गेला, तरी कमळाकर हबकला नाही. पाणी तर पावसाचंच होतं!

कंपनीचा निरोप आला, साहेब बघेपर्यंत पाणी उपसू नका. कमळाकरची बायको बायजाबाई चार दिवस गुडघाभर पाण्यात उभी राहून बाकड्यावरच्या स्टोव्हवर रांधत होती.

पाचव्या दिवशी साहेब आले. आधी नुकसान लिहून घेतलं, मग पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट! हे खाडीचं पाणी."

"अवो साहेब, नाय वो, ऐका तरी..." कमळाकर म्हणाला.

"माझ्या जिभेला कळत नाही का?" साहेबांनी दावा नामंजूर केला आणि खाली झोकात सही ठोकली.



त्याच कागदावर वर, नुकसानीच्या रकान्यात, साहेबांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पाण्यात विरघळलेलं मीठ, चाळीस गोणी.'